सकाळच्या उन्हाची जागा

पौष, मंगळवार. दिवेलागण.

विनायकानं परवा कासव आणलं. घरात लक्ष्मी टिकते म्हणे. आणून पितळी घंगाळात पाणी भरून त्यात सोडलं. मी तीनदा सांगितलं, अरे, हे माळावरचं आहे, मुरगूडला आमच्या बांधावर फिरायची अशी. सूनबाई म्हणाली, "मामंजी, कासव पाण्यातच असतंय की." दोन दिवस त्याची नखं घंगाळावर घासत होती. मला ऐकवेना.

आज ते मलूल होऊन पडलं, तेव्हा चिरंजीव विचारायला आले. कोरडी माती घाल, भोवती विटा लाव, सकाळचं ऊन मिळू दे, असं सांगितलं. मुरगूडचं घर विकून इथं आल्यापासून माझा शब्द पहिल्यांदाच कुणी ऐकला. खोटं कशाला लिहू, बरं वाटलं.

पण या घरात सकाळचं ऊन येतं कुठं? परड्याच्या एकाच कोपऱ्यात. जिथं माझी खुर्ची असते. सांगताना हे माझ्या कसं लक्षात आलं नाही?

संध्याकाळी विटा रचून झाल्या. कासव मातीत निवांत बसलं, नखांचा आवाज थांबला. माझी खुर्ची न्हाणीच्या ओल्या भिंतीला लावलेली. मी तिच्याकडं बघत राहिलो, तर विनायक म्हणाला, "आप्पा, त्याला ऊन लागतंय. तुमचं काय, तुमी कुठंबी बसता की."