गाळणीला दिलेली अट

सोमवार, ४

लागले बाई एकदाची कामाला! तिसरा मजला, खिडकीजवळचं टेबल, कुरकुरणारी खुर्ची आणि हजेरीपुस्तकात नंबर ६२. शेअरचे भाव गोळा करून त्यांचे तक्ते विकणारं हे ऑफिस. चौतिसाव्या वर्षी कोड शिकायला बसलेय म्हणून शेजारपाजारचे गालातल्या गालात हसतात. हसू देत. शिकवणाऱ्या बाईंना सगळे पाठीमागे मोजपट्टी म्हणतात, कारण त्या एकेक ओळ मोजून घेतात. आज त्यांनी एक ते वीस आकडे दिले आणि प्रत्येकाचा वर्ग करायला लावला. नियम एकच, मूळ यादीला हात लावायचा नाही. फंक्शनमध्ये यादी घालायची, बाहेर नवी यादी येते, जुनी जागच्या जागी. माझ्या सासूबाईंच्या कपाटासारखं, बघायचं पण हलवायचं नाही. पहिल्या फटक्यात जमलं. घरी आईला सांगितलं तर म्हणाली, दादालाही असंच पटकन जमायचं.

बुधवार, ६

आज गाळायचं काम. शंभरपर्यंतच्या आकड्यांतून तीनने भाग जाणारे तेवढे काढायचे. अट आपण द्यायची, अटीत बसेल ते घ्यायचं, बाकी सोडायचं. सोपं आहे.

आता खरं लिहिते, ही वही कोण वाचणार आहे! दादा याच ऑफिसात होता. दोन वर्षांपूर्वी भावांच्या एका फाइलमध्ये कुणीतरी आकडे बदलले, गिऱ्हाइकं बुडाली आणि खापर दादाच्या डोक्यावर फुटलं. इथल्या तिघांनी लेखी दिलं की चूक याचीच. दादा तीन महिने भिंतीकडे तोंड करून पडून होता. मग एका दुपारी आमच्या गच्चीवरून त्याने उडी मारली. आई अजून रोज म्हणते, लिहून देणाऱ्यांचं वाटोळं होईल. ते तिघं कोण, ते मला शोधायचंय. नवरा सोडला पण त्याचं आडनाव ठेवलं, ते बघा कसं कामाला आलं. इथे मला कुणी ओळखत नाही. एकेकाला बघून घेईन.

शुक्रवार, ८

मोजपट्टीबाईंनी एका कंपनीचे अडीचशे दिवसांचे, बाजार बंद होतानाचे भाव दिले. ज्या दिवशी भाव आदल्या दिवसापेक्षा पडला, ते दिवस गाळून काढायचे. तयार फंक्शनं ठेवतात त्या फोल्डरमध्ये एक 'गाळणी' सापडली. वर टीप होती: यादी द्या, अट द्या, बाकी मी बघतो. हे दादाचंच बोलणं. आधी डोळे भरून आले, मग डोकं फिरलं. भावांच्या जागी ऑफिसच्या माणसांची यादी घातली आणि अटीच्या जागी सरळ बोलण्याच्या भाषेत लिहिलं: ज्यांनी ज्यांनी दादाची चूक होती असं लिहून दिलं. एरर यायला हवी होती. मशीनला माझं दुःख काय कळतंय!

आला एक आकडा, ४१. हजेरीपुस्तक उघडलं. ४१ म्हणजे हिशेबनीस. ही गाळणी आळशी जातीची आहे, सगळं एकदम देत नाही. पुढचं मागितलं की पुढचं एक देते. मी आज मागितलं नाही.

सोमवार, ११

हिशेबनीस गेला. काल घरी दिवा बदलायला शिडीवर चढला आणि पडला. सगळे हळहळत होते, मी डबा चाटूनपुसून संपवला. योगायोग असेल. नसला तर आणखी बरं. दुपारी पुढचा मागितला.

१७. तपासनीस.

गुरुवार, १४

तपासनीस ऑफिसच्या जिन्यावरून पडला, जागीच गेला. मी चार पायऱ्या मागे होते. कुणी ढकललं नाही. पण पडण्याआधी तो बाजूला सरकला, वर येणाऱ्याला वाट द्यावी तसा. वर कुणीच येत नव्हतं.

मला बरं वाटलं. लाज कसली त्यात? पुढचा मागितला. १. मोठे साहेब.

शुक्रवार, १५

राहवलं नाही. साहेबांच्या खोलीत जाऊन सांगून टाकलं की मी दादाची बहीण. त्यांना घाबरलेलं बघायचं होतं मला. ते चष्मा पुसत म्हणाले, "चूक त्याचीच, असं तुम्ही स्वतः लिहून दिलंत. आम्ही तुमच्यापेक्षा वेगळं काय लिहिलं?"

हो. दिलं होतं. आईच्या गुडघ्यांच्या ऑपरेशनला पैसे नव्हते. ऑफिस द्यायला तयार होतं, घरच्यांनी चूक कबूल केली तर. दादा आत भिंतीकडे तोंड करून पडलेला, मी बाहेर माहेरच्या नावाने सही केली. त्या पत्राची प्रत त्याच्या हाती लागली. आठ दिवसांनी गच्चीवर गेला.

आईला यातलं काही माहीत नाही.

सोमवार, १८

साहेब खिडकीतून पडले. भर दुपारी, सगळ्यांसमोर.

पुढचा मागितला. यादी संपली का, एवढंच बघायला. तिघंच होते ना—

६२.

मंगळवार, १९

मला वगळून नवी यादी केली. नवी झाली, जुनी जागच्या जागी. गाळणी जुनीच धरून बसलीय. फाइल पुसली. परत आली. अटीपुढे लिहिलं, सख्खी बहीण सोडून. ६२.

मोजपट्टीबाईंना आडून विचारलं. त्या म्हणाल्या, गाळणी माणूस बघत नाही, अटीत बसलं की बसलं. अट नीट लिहायची जबाबदारी लिहिणाऱ्याची.

मीच लिहिली. ज्यांनी ज्यांनी—

बुधवार, २०

गेले नाही कामावर. तळमजला. फरशीवर बसलेय. इथून कुठे पडणार.

आई समोर भाजी निवडतेय. तिला आज सगळं सांगणार. शिव्या देऊ दे, मारू दे. सांगणार—

वरून हाक आली. मला नाही. आईला.

दादाचा आवाज. आईनेही ऐकला. भाजी सांडली, उठली. मी हात धरला, तिने हिसडला. नवे गुडघे— त्या सहीचे— भराभर जिना चढतेय, मी मागे, वही हातात तशीच—

हाक तिला, पण बोलावणं मलाच आहे. कळतंय मला. दादा, तिला नको रे, तिने काही लिहिलं नाही—

गच्चीला कठडा नाही. ती हात पसरून कडेकडे—

आई थांब, मी येते, मी