उपग्रहवाल्या बाईचा बॉडी कलर

२२ ऑगस्ट, जोहे
रजेवर. जन्म उपग्रहांच्या कॅमेऱ्यांवर घालवला, आता कुठे मोहीमप्रमुख. दादाच्या गणपतीच्या कारखान्यात मात्र अजून 'काळी'च. गावच्या गणपती मंडळाचा देखावा यंदा माझ्याच मोहिमेवर, मूर्ती दादा करतोय. मागे रॉकेट, पुढे मी, शेजारी माझा सहायक परांजपे.

२३ ऑ.
मूर्ती बघितली. साडी माझी, चष्मा माझा, रंग गौरीचा, गोरा-गुलाबी. दादाला म्हटलं, माझा रंग दे. "तो बॉडी कलर आम्ही राक्षसाला मारतो गो." कारागीर हसले. मीही हसले, त्याचाच राग आलाय.
आई म्हणाली, "ऱ्हाव दे गो. अशी असतीस तं लगीन झाला असता तुजा." हिचं आयुष्य मिठागरात, उन्हात गेलं. हिला काय बोलू?

२५ ऑ.
दादाशी कडाक्याचं भांडण. "मंग तूच रंगव." रंगवली. हात मूर्तीच्या हाताला लावून छटा जुळवली. प्रयोगशाळेत कॅमेऱ्यांचे रंग जुळवण्याखेरीज दुसरं काय केलं मी? फार बरं वाटलं. खरं सांगायचं तर सुंदर दिसत होते.

चतुर्थी
उद्घाटनाला माझ्या पेणच्या शाळेतले विज्ञानाचे सर. प्रयोगाला मला कधी पुढे न घेणारे. हार उचलला आणि सरळ परांजपेच्या मूर्तीला घातला! मग माझ्या मूर्तीकडे बघून, "आणि ही बाई? ऑफिसात कामाला का?"
मी शेजारीच उभी. कुणीतरी त्यांच्या कानाला लागलं. सर मला नाही, दादाला म्हणाले, "अरे, मग नीट रंगवायची ना."
दादा म्हणाला, "व्हय सर. रंगवणाऱ्याची चूक हाय."
परांजपेचा हार कुणी काढला नाही. शरम वाटली. त्यांची नाही, माझीच. हे लिहितानाही चीड येतेय.

दुसरा दिवस
सकाळी मंडपात गेले तर दादा स्प्रे गन घेऊन मूर्तीपुढे. आई शेजारी गुलाबी रंगाचा डबा धरून. मला बघून दोघं थांबले. "नाय," एवढंच म्हणायचं होतं मला.
आई म्हणाली, "लोकं हसतान गो. इसर्जनापरत गोरी ऱ्हा. माज्यासाठी."
आजवर तिने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. संध्याकाळी सांगते म्हटलं आणि घरी आले.
संध्याकाळ झाली. बाहेरून दादा दोनदा हाक मारून गेला.