भोपळ्याच्या वतीने

प्रिय ठमे,

हे नाव बाबांनी ठेवलेलं. मी तुला जन्मात या नावाने हाक मारलेली नाही आणि त्याचा मला अजिबात पश्चात्ताप नाही. तरी आज कागदाच्या डोक्यावर तेच घातलं आहे. कारण आहे, ते त्याच्या जागी येईल.

काल तुझा फोनवरचा निरोप ऐकला. शनिवारी सकाळी प्राण्यांचे डॉक्टर घरी येतील, भोपळ्याला कायमचं झोपवायचं इंजेक्शन देतील, त्याला काही कळणारही नाही, तेवढा वेळ आम्ही दोघांनी बाहेर फिरून यावं, असं सगळं ठरवून तू मोकळी झालीस. आणि वर म्हणालीस, "आई, भावनेच्या भरात नको, जरा तर्काने विचार कर." जिने उभा जन्म कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलं तिला हे ऐकवायला धारिष्ट लागतं. ते तुझ्या अंगी आहे, हे पाहून बरंच वाटलं. तेव्हा तर्कानेच बोलू.

आपल्या जेवणाच्या टेबलाचा नियम तू विसरली नसशील. ज्याला काही हवं असेल त्याने आधी समोरच्याची बाजू मांडायची, आणि ती इतकी चोख की समोरच्याने मान डोलावून म्हणावं, "हो, हेच मला म्हणायचं होतं." मगच ती खोडायची. सायकल, मैत्रिणींबरोबरची सहल, केस आखूड करणं, सगळं तू याच वाटेने मिळवलंस. बाबा टेबलाखालून तुला पायाने खुणा करायचे आणि दर वेळी चुकून माझाच पाय दाबायचे. तर नियमाप्रमाणे आधी तुझी बाजू.

भोपळ्या म्हातारा झाला. तो घरात मुततो आणि अधूनमधून हगतोही. तू त्याला "प्रॉब्लेम" म्हणतेस. मी शब्दांवर चादर घालत नाही. आई-बाबांनी सत्तरी ओलांडली आहे, ओल्या फरशीवर एखाद्याचा पाय घसरला तर निस्तरणार कोण? घराला वास येतो. कुत्र्याचे मागचे पाय गेले, त्याची त्यालाच लाज वाटते, तो कोपऱ्यात तोंड घालून बसतो. आणि मागच्या महिन्यात तुम्ही आला होतात तेव्हा तर कहरच झाला. खिडकीजवळची उंच खुर्ची ओली होती, जावई तिच्यावर ऐसपैस बसले आणि उठले तेव्हा त्यांची फिकी पँट मागून गडद झालेली होती. ज्याचा स्वतःच्या देहावर ताबा उरला नाही त्याला जगवत ठेवणं हा जगवणाऱ्याचा स्वार्थ. मांडलं ना नीट? यात काही राहिलं असेल तर कळव, मी भर घालीन.

आता माझी बाजू. म्हातारपण ही माहिती आहे, आरोप नव्हे. ते बाजूला ठेवते. फरशीचं म्हणशील, तर तिचा बंदोबस्त केव्हाच झाला आहे. दारापासून त्याच्या अंथरुणापर्यंत मेणकापड, वर जुन्या चादरींच्या घड्या. उठल्याबरोबर, खाल्ल्याबरोबर आणि झोपायच्या आधी त्याला अंगणात नेतो. पोटाखालून टॉवेल घालून मागचा भाग उचलून धरला की तो पुढच्या पायांनी साहेबासारखा चालतो. जिथे सांडलं तिथे आधी टिपून घ्यायचं, मग व्हिनेगरच्या पाण्याने पुसायचं, म्हणजे वास राहत नाही आणि त्याच जागी पुन्हा जायची त्याला आठवणही होत नाही. पाणी त्याचं कधीही तोडत नाही. तू तेही सुचवलं होतंस. तहानलेला ठेवून फरशी कोरडी राखणं मला जमणार नाही. डॉक्टरांनी लघवी तपासली, रक्त तपासलं. सांधे दुखतात, त्याच्या गोळ्या चालू आहेत. बाकी खातो, झोपतो, पोस्टमनवर भुंकतो. मरायला टेकलेल्या जिवाची ही लक्षणं नव्हेत.

वासाबद्दल वरच्या मजल्यावरच्या बाई परवा जिन्यात नाकाला पदर लावून म्हणाल्या, "मॅडम, राग मानू नका, पण तुमच्याकडे जरा येतो हो!" मी म्हटलं, "येतो तर. आत या, कुठून येतो ते दाखवते." तेव्हापासून त्या जिन्यातून लगबगीने जातात. गंमत म्हणजे दाराआडून बाबा खो खो हसत होते. पुष्कळ दिवसांनी हसले, म्हणून मुद्दाम लिहिलं.

आणि लाज. याबाबतीत तुझं निरीक्षण साफ चुकलं आहे. भोपळ्याला लाज वाटत नाही. तो सांडतो, आणि घरात कुणी आवाज चढवला नाही तर वळून पाहतो, आणि हे कुणा भलत्याचंच असावं अशा थाटात त्याला वळसा घालून पुढे जातो. कोपऱ्यात तोंड घातलं ते तू ओरडलीस म्हणून. लाज आतून येत नाही, मुली. ती बाहेरचं कुणीतरी आणून देतं. हे वाक्य लक्षात ठेव, पुढे लागेल.

हा कुत्रा या घरात कसा आला, तेही आठव. तू कॉलेजात होतीस. पावसाळी कोटाच्या आत काहीतरी गोल गरगरीत वळवळत होतं आणि तू टेबलाशी उभी राहून माझी बाजू मांडत होतीस. म्हणालीस, "आई म्हणणार, हा लहानपणी घर घाण करील आणि म्हातारपणीही करील. मधली वर्षं तेवढी लाडाची. ते मला मान्य आहे. दोन्ही टोकांसकट मान्य आहे." मी हरले. तुझे इतके वाद ऐकले, पण त्या दिवसासारखी तू कधी बोलली नाहीस. पुढे नोकरी लागली, तू गेलीस, भोपळ्या आमच्याकडे राहिला. त्याची तक्रार नाही. पण दोन्ही टोकं मान्य करणारी तू होतीस.

आता लंगोटांचा मुद्दा. बाजारातले त्याला बसेनात. एक गळे, दुसरा काचे. तेव्हा बाबांनी शिवणयंत्रावरची खोळ काढली. शिंपीकामाचं दुकान बंद केल्यापासून कात्रीला हात लावला नव्हता या माणसाने. भोपळ्याला समोर उभं करून, गळ्यात टेप टाकून, एखाद्या नवरदेवाचं घ्यावं तसं माप घेतलं. "साहेब, कंबर सैल ठेवू का?" असं त्याला विचारलंसुद्धा. आतून टॉवेलचं कापड, बाहेरून मेणकापड, मध्ये काढता येईल असं अस्तर, आणि शेपटीसाठी काजाची टीप घातलेलं गोल भोक. काम असं देखणं की त्यापुढे माझ्या रेशमी साड्यांवरची पोलकी फाडून टाकावीत. चार दिवस घरात यंत्राचा आवाज होता. मला वाटलं, एक लंगोट शिवायला इतका वेळ कशाला?

मग एके सकाळी दोरीवर दोन दिसले. एक लहान, एक मोठा. तूही ते व्हिडिओ कॉलवर पाहिलेस आणि हसून म्हणालीस, "अगं, हा भोपळ्या पुन्हा भोपळ्याएवढा झाला की काय!" मी विषय बदलला. दोरीशी जाऊन मोठा हातात घेतला. तीच बेतणी, तेच अस्तर, तीच टीप. शेपटीसाठी भोक मात्र ठेवलेलं नव्हतं.

मी तो घडी घालून बाबांच्या कपाटात, बनियनांच्या खाली ठेवला. त्यांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झाल्यापासून हे असंच आहे. डॉक्टर म्हणाले होते सुधारेल, ते सुधारलं नाही. इतकी वर्षं गावभरच्या पुरुषांच्या कमरेचं माप ज्याने ओठ मिटून मनात ठेवलं, त्याचं माप मी कुणाला सांगणार? ते गुपित माझं नव्हतंच. म्हणून तुला कळवलं नाही, आणि त्याबद्दल माफीही मागणार नाही.

पण तू माझी मुलगी आहेस. त्या खुर्चीची उंची तुला ठाऊक आहे. लहानपणी तूच तिच्यावर चढताना पडायचीस. मागच्या महिन्यात आलीस त्याच सकाळी दाराची एक पायरी भोपळ्याला चढवेना, म्हणून तू त्याला उचलून आत आणलंस. दोन्ही विधानं तुझ्या हातात होती. ती शेजारी शेजारी ठेवायला तुला कुणी अडवलं? तू ओरडलीस तेव्हा कुत्र्याने मान खाली घातली आणि बाबा खिडकीबाहेर बघत राहिले. तुला एकच मान दिसली. तू मुद्दाम दुसरीकडे पाहिलं नाहीस असं मी धरून चालते. संशयाचा फायदा आरोपीला द्यायचा असतो. तो मी तुला दिला, तू भोपळ्याला दिला नाहीस.

मी डॉक्टरांना फोन केला आहे. शनिवारी ते येतील, पण गोळ्या बघायला आणि चहाला. इंजेक्शनची गोष्ट या घरात पुन्हा निघणार नाही. "ताबा उरला नाही त्याला जगवू नये" हा तुझा नियम तू भोपळ्यापुरता बोललीस. पण नियम माणूस बघून थांबत नसतो. तो मान्य केला, तर आपल्या घरात तो कुणाकुणाला लागू पडेल ते मोज. नंतर मला लागू पडेल, आणि एक दिवस तुलाही. म्हणून तो मी इथेच मोडते. आम्ही तिघेही सांडू, पुसू आणि राहू. ज्याला वास येतो त्याने खिडकी उघडावी.

आता या पत्राचं कारण. काल तुझा निरोप मी स्पीकरवर लावला होता. बाबा यंत्राशी बसले होते. "शनिवारी" हा शब्द आला आणि त्यांचा पायडलवरचा पाय थांबला. त्यांनी भोपळ्याकडे पाहिलं. तेवढा ओरडा हा आपल्यासाठी खाईल, असं त्यांनी तोवर मनाशी धरलं असावं; पण जीव जाणं वेगळं. मग म्हणाले, "ठमीला लिही. फोनवर मला बोलता यायचं नाही. वर ठमीच लिही, म्हणजे मी लिहायला लावलंय हे तिला कळेल. म्हणावं, खुर्ची मी ओली केली. कुत्र्याचा काही संबंध नाही." मी कागद घेतला. मी लिहायला लागेपर्यंत त्यांचा आवाज दुकानातल्यासारखा झाला होता. "आणि म्हणावं, जावयांची ती पँट पाठवून दे. धुऊन, इस्त्री करून देतो. मागची शिवण कुणी गाढवाने घातली आहे, तीही उसवून नीट करतो." तेव्हा पँट घेऊन तू स्वतः ये. बेल वाजव, भोपळ्याला भुंकू दे, मेणकापडावरून जपून चाल. बाबांकडे दयेने पाहिलंस तर आल्या पावली परत पाठवीन. आणि खिडकीजवळच्या खुर्चीवर बसू नकोस. ती त्यांची आहे.

तुझीच,
आई