शेठचा उगवलेला हात

प्रिय ठमे,

काल तुझा फोन ठेवल्यापासून कशात लक्ष लागत नाहीये. फोनवर तू भराभर बोलतेस आणि मी नुसता ‘हो, हो’ करत राहतो, म्हणून शेवटी कागद घेऊन बसलो. शेठबद्दल लिहायचंय. वर्षभर मी तुझ्याशी खोटं बोलतोय. हे वाचल्यावर तुझा माझ्यावर विश्वास राहील की नाही, मला ठाऊक नाही. पण आता गप्प बसणं बरं नाही.

लग्न होऊन तू गेलीस तेव्हा ती भलीमोठी काचेची टाकी काही तुझ्याबरोबर नेण्यासारखी नव्हती. प्रवाळ, दोन नारिंगी मासे आणि तुझा तो निळा तारामासा, सगळं माझ्या गळ्यात पडलं. दिवसभर काही न करता काचेला चिकटून घरावर नजर ठेवतो म्हणून तू त्याला शेठ म्हणायचीस. जायच्या आदल्या दिवशी तू मला दोन पिंपं दाखवलीस. निळ्या झाकणाच्या पिंपात गाळलेलं साधं पाणी, लाल झाकणाच्या पिंपात मीठ घातलेलं. टाकीतलं पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं, तेव्हा रोजची भर साध्या पाण्याचीच घालायची आणि खारं पाणी फक्त पंधरवड्याला पाणी बदलताना, हे तू तीनदा सांगितलंस. मी मान डोलावली. चाळीस वर्षं औषधाच्या दुकानात थेंब थेंब मोजून बाटल्या भरल्या, आणि आता पोरगी मला पाणी भरायला शिकवतेय, याचंच मला हसू येत होतं. त्या नादात मी निम्मं ऐकलंच नाही.

पुढे एकदा निळ्या झाकणाचं पिंप रिकामं झालं. गाळणी लावून पाणी काढायचा मला कंटाळा आला. मनात म्हटलं, समुद्राचा जीव, त्याला खारं पाणी मिळालं तर बरंच की! पाच आठवडे मी रोज खाऱ्या पाण्याची भर घालत होतो. तुला विचारावं असं एकदा मनात आलं होतं, नाही असं नाही. पण विचारलं तर तू चौथ्यांदा समजावून सांगशील आणि जावईबापू मागून हसतील, असं वाटलं. एवढ्याशा अकडीपायी मी फोन केला नाही.

मग शेठ काचेवरून सुटून वाळूत पडलेला दिसला. मीठ मोजायची तुझी काचेची नळी पाण्यात सोडली तर ती केवढी वर तरंगली! आणि मग मी जे केलं, त्याची लाज मला आजही जात नाही. दुकानात गिऱ्हाइकांना मीच ओरडायचो, डोस चुकला तर पुढचे दोन एकदम घेऊ नका म्हणून. तोच मी, तासाभरात चार बादल्या खारं पाणी उपसून तेवढंच साधं पाणी ओतून मोकळा झालो. नळी बरोबर खुणेवर आली, तेव्हा मी स्वतःवर खूशसुद्धा झालो. त्या जिवाला असा एकदम बदल सोसत नाही, हे तू जाताना लिहून दिलेल्या सूचनांच्या कागदावर होतं. कागद टाकीलाच चिकटवलेला होता. दुसऱ्या दिवशी शेठच्या अंगावर पांढरे चट्टे उठले, तिसऱ्या दिवशी त्याचे हात विरघळल्यासारखे गळून पडले. मी ते चमच्याने गोळा केले.

त्या रविवारी तू विचारलंस, शेठ कुठाय? मी म्हणालो, दगडामागे असेल. दोन आठवडे तो दगडामागेच होता. तिसऱ्या आठवड्यात मी शोभेच्या माशांच्या दुकानातून दुसरा आणला, तसाच निळा. दुकानदाराने बजावलं म्हणून तीन तास बारीक नळीने थेंब थेंब पाणी सोडून त्याला टाकीत सरावू दिलं. हे काम मला उत्तम जमलं, म्हणजे न जमण्यासारखं काही नव्हतंच गं. पण त्याचा एक हात आखूड होता आणि फोटोत ते तुझ्या लगेच लक्षात आलं. मी पटकन सांगून बसलो, टोक तुटलं होतं, आता परत उगवतंय. तू किती खूश झालीस! बाबांनी तुटलेला हात उगवून आणला, असं तू सासूबाईंना सांगितलंस, ऑफिसात सांगितलंस. दर महिन्याला फोटो मागवून हात किती वाढला ते बघत राहिलीस. तो मेला हात खरोखरच वाढतही होता. आणि तू कौतुक केलंस की मला आवडायचं, हेही लिहून टाकतो.

आता कालच्या फोनचं. तुझी रजा संपतेय आणि तू म्हणालीस, पाळणाघर नको, बाळाला बाबांकडेच ठेवायचं, ज्यांनी शेठला मरणाच्या दारातून परत आणलं त्यांच्याइतकं जपणारं दुसरं कोण मिळणार? मी ‘हो’ म्हणालो. ठमे, मला बाळ इथे हवंय. तुझी आई गेल्यापासून हे घर खायला उठतं, आणि तू विचारलंस तेव्हा मला केवढा आनंद झाला. पण तुझी पाच महिन्यांची पोर एका खोट्या गोष्टीच्या भरवशावर माझ्या मांडीवर यायला नको. मी मुळात निष्काळजी आहे असं नाही, पण चुकलो की विचारत नाही आणि झाकून ठेवतो, हे तुला माहीत असायला हवं. तान्ह्या बाळाच्या बाबतीत तर हे आधी माहीत हवं. रजा संपायला अजून तीन आठवडे आहेत. तेवढ्या वेळात चांगलं पाळणाघर मिळू शकेल, म्हणून हे पत्र आजच टाकतोय. तू नाही म्हणालीस तर मी का म्हणून विचारणार नाही.

तुझाच,
बाबा