डिंकाच्या खणातला चपडा

६ जानेवारी, तळोदा
गिटारचं खोकं आज गच्चीवर उघडलं. बॉडी कोरी, पांढरट, पेन्सिल सोलल्यासारखा वास. मान वेगळी, तारा वेगळ्या, चुंबकं वेगळी, स्क्रूंची पुडी. जोडणी जमेल असं वाटतं. पण लाकडाला लावायचं काय? सोबतच्या कागदावर एकच ओळ: ‘आवडीनुसार फिनिश करावे.’ वा! आवड कुठे ठरलीये अजून.
तीन पिढ्यांचं हार्डवेअरचं दुकान. वॉर्निश, प्रायमर, लांबी रोज विकते. स्वतः कशाला ब्रश लावला नाही कधी. गिऱ्हाइकाला मात्र छातीठोक सांगते, दोन हात मारा, बघा कसं दिसतं.
मम्मी वर आली. बॉडीभोवती एक फेरी मारली. “इण में जीव तो कोनी?” यात जीव नाही ना, हा तिचा प्रत्येक नव्या वस्तूला पहिला प्रश्न. साबणाला, बिस्किटाला, पप्पांच्या कमरेच्या पट्ट्यालाही. मी तयारीत होते. तारा पोलादाच्या. तारा टेकतात ती वरची पट्टी भारी गिटारला हाडाची असते, आपली प्लास्टिकची. आधीच तपासून ठेवलं होतं.
“नाही. तुझी शपथ.”
ती खाली गेली. जाता जाता, “मुलगी बघायला येणारे हे बघून जिन्यावरूनच परत जातील.” जावोत.

८ जाने.
पॉलिश पेपर नं. १२०, मग १८०. दुपारभर. नाकात भुसा. गाल लावून बघितला, गुळगुळीत.
दुकानाच्या बाकावर पेपर वाचायला धुडकूआप्पा येतात. पन्नास वर्षं पॉलिशचं काम केलं, आता गुडघे चालत नाहीत. बॉडी दाखवली. त्यांनी चष्मा काढला, बोटाची मागची बाजू फिरवली. बोटाचं पेर नाही, मागची बाजू! का विचारलं तर म्हणाले, पुढची बाजू काम करून बधिर झाली.
“आते कोन पालिश करस ताई? बठा सनमायका चिटकाडतस.” हल्ली सगळे सनमायकाच लावतात म्हणे. मग, “पहिले पानी पाज लाकूडले. त्याना केस हुभा व्हतीन. मंग घस.”

९ जाने.
पाजलं. ओल्या फडक्यानं पुसून उन्हात ठेवली. तासाभरात सगळी बॉडी खरखरीत, मांजराची जीभ जशी. म्हणजे कालचा गुळगुळीतपणा नुसता दाबून बसवलेला होता. हे मला कुणी कधी सांगितलं कसं नाही? पुन्हा १८०. पुन्हा पाणी. तिसऱ्यांदा केस उठले नाहीत. फार मजा वाटली.
एक कोडं: कडेला दोन बोटं जागा ओली होतच नाही. पांढरीच राहते. आप्पांच्या मते कारखान्यातला फेविकोल. तो खरवडल्याशिवाय तिथं रंग धरणार नाही.

१४ जाने.
संक्रांत. गच्चीवर आजूबाजूची सगळी पोरं, पतंग, ओरडा. बॉडी पलंगाखाली. काम बंद. हात शिवशिवतात.

१५ जाने.
लावायचं काय, ते ठरलं. स्प्रे नको, काचेसारखं दिसतं आणि वास डोक्यात जातो. आप्पांना विचारलं तर ते ‘चपडा’ एवढंच म्हणाले आणि पुन्हा पेपरात शिरले.
चपडा आमच्याकडे आहेच. आजोबांच्या वेळचे लाकडी खण, त्यांच्या हातच्या चिठ्ठ्या: डिंक, राळ, चपडा. एका ओळीत. सगळं झाडातून येणारं, एकीकडे. सरस मात्र दुकानात कधीच नव्हता. हाडं-कातडी उकळून करतात म्हणून आजोबांनी ठेवला नाही. सुतार कुरकुरत दुसऱ्या दुकानात जायचे.
चपड्याचे पापुद्रे गुळाच्या चिक्कीसारखे. उजेडात धरले की नारिंगी. बाटलीत स्पिरिट घालून ठेवले. दर तासाला जाऊन हलवते. विरघळतात कसे ते बघत बसले आणि एका गिऱ्हाइकाला बिजागरीऐवजी कडी दिली.

१७ जाने.
पहिला हात. मलमलच्या पुरचुंडीत कापूस, त्यावर चपडा, खोबरेल तेलाचा एक थेंब. गोल गोल फिरवायचं, थांबायचं नाही. थांबलात की चिकटलं.
आणि पांढरं पडलं! दुधाची साय धरावी तसं. रडूच यायचं बाकी होतं. आप्पांनी वर यायचं टाळलं (जिना), खालूनच: “सकायले कर्‍यं का? दव पडस ताई. दुपारले कर, आनि नुसता स्पिरिटना हात फिराव.”
दुपारी फिरवला. पांढरं गेलं, डोळ्यांसमोर! पाणी शिरलं होतं, ते स्पिरिटनं ओढून बाहेर काढलं. का, ते नीट कळलं नाही. पण गेलं.

२२ जाने.
सातवा हात. रोज एक, काल दोन. आता लाकडाच्या रेघा आतून वर येतायत. हलवली की उजेड त्यांच्यावरून सरकतो. ज्या कडेला फेविकोल होता तिथं बारीक डाग राहिलाय. राहू दे. माझाच आहे.
मम्मी आज आपणहून आली. बोट लावू का विचारलं. लावलं. “किती छान गं.” मग म्हणाली, खालच्या पडवीत ओल असते, माझ्या सामायिकाच्या खोलीत भिंतीला खुंटी आहे, तिथं टांग.
तिच्या सामायिकाच्या खोलीत! तिथं पप्पाही चप्पल घालून डोकावत नाहीत. आम्हा जैनांचं सामायिक म्हणजे ध्यान; ती रोज अठ्ठेचाळीस मिनिटं बसते तिथे. फार बरं वाटलं. 

२४ जाने.
हे लिहायला नको वाटतंय.
धडगावकडचा वनसिंग विळ्याचं पातं घ्यायला आला. जुन्या विळ्याची मूठ काउंटरवर ठेवली. पातं मुठीत काळ्या कसल्यातरी गोळ्यात बसवलेलं. हे काय? “लाख. तापवून लावतो. हालत नाय.” माझ्या बाटलीकडे बघून, “तुमचं पन तेच.”
मी सहज विचारलं, कोणत्या झाडाची?
“झाडाची नाय ताई. किड्याची. बोरीवर बसतो, अंगातून काढतो, अंगावरच घर बांधतो.”
“आणि किडा?”
“आतच. आमी काडी तोडतो, उन्हात घालतो. कुठं जाईल मंग?”
त्याला पातं दिलं. सुट्टे द्यायला विसरले, तो दारातून परत आला.
तो गेल्यावर फोनवर बघितलं, चपडा म्हणजे वितळवून गाळलेली लाखच. खरं आहे.

३१ जाने.
मी मागितल्याप्रमाणे वनसिंगनं बोरीची काडी आणली. काडीभर खडबडीत तांबडी खपली. भिंग लावलं. बारीक बारीक कोठड्या, एकीला लागून एक. एक फोडली. बोटाला लाल लागलं. धुतलं तरी रेघांत राहिलं.
किळस यायला हवी होती. आली नाही. पुन्हा भिंग घेतलं. एवढासा जीव, स्वतःभोवती घर करतो आणि ते घर चमकतं! मी आठ वेळा ते लाकडावर फिरवलं.
मम्मीची शपथ घेतली होती.

१ फेब्रु.
पप्पांना दुकानात एकटं गाठलं. चपडा कशापासून होतो, माहीत आहे?
त्यांनी वजनं पुसणं चालू ठेवलं. “हो.”
“मग डिंकाच्या खणात कसा?”
“आजोबांनी ठेवला. मी पुढे चालवलं. कुणी विचारलं नाही कधी.”
“मी मम्मीला सांगणार आहे.”
तेव्हा वर बघितलं. “तिच्या हातात काय आहे, बघितलंस?”
लाखेच्या बांगड्या. लाल, आरशांच्या. दर तीजेला, श्रावणातल्या सणाला, तिच्या माहेरून येतात. आजी पाठवायची, ती गेल्यावर मामी पाठवते. लग्नापासून तिचा हात कुणी रिकामा बघितलेला नाही. मला कधी सुचलंच नाही की ती लाख हीच लाख.
“मी चाळीस वर्षं बोललो नाही ते याच्यासाठी,” म्हणाले. “तू गिटार घास, दुसरं काही लाव. तिला कशाला?”
चिडले. नंतर वाटलं, ते चुकीचं तरी काय बोलले?

३ फेब्रु.
गच्चीवर तारेला टांगलेली बॉडी बघत बसले. १२० चा पेपर आणलाय. दोन तासांत सगळं निघेल. तिला सांगायचं, रंग आवडला नाही, बदलते. सोपं आहे. मग ती तिच्या खोलीत गिटार टांगू देईल, बांगड्याही राहतील. फक्त मला रोज हे पोटात ठेवून त्या खोलीत जावं लागेल.
पेपरला हात लावला नाही.

५ फेब्रु.
सांगितलं. तिचं सामायिक झाल्यावर, ती आसन गुंडाळत असताना.
“तुझी शपथ खोटी निघाली. पॉलिशमध्ये जीव आहे. किडे. मला माहीत नव्हतं.”
“मुद्दाम घेतलीस का?”
“नाही.”
“मग खोटी कशी?” आसन ठेवलं. “कसलं पॉलिश म्हणालीस?”
चपडा म्हणाले असते तर कदाचित तिथंच थांबलं असतं. पण तोंडातून गेलं, लाखेचं.
बांगड्या वाजल्या. तिनं हात पदराखाली घेतला. आणि स्वयंपाकघरात गेली, डाळ चढवली. मीठ विसरली. पप्पांनी निमूट खाल्ली, मीही.

६ फेब्रु.
हात अजून पदराखालीच. त्यामुळे बांगड्या आहेत की काढल्या, कळत नाही. मी बघायचा प्रयत्न करते आणि तिला कळतं की मी बघतेय. पप्पा दिवसभर दुकानात, जेवायलाही डबा खाली मागवला.

८ फेब्रु.
दुपारी मम्मी गच्चीवर आली. बॉडीपुढे उभी राहिली. उन्हात फार सुंदर दिसत होती, खोटं कशाला लिहू.
“घासते मी आज,” म्हणाले.
“घासून काय? जी भुकटी पडेल ती त्यांचीच ना.”
याचा मी विचारच केला नव्हता. आठ दिवस भिंग घेऊन फिरले आणि हे तिला सुचलं. म्हणजे काढण्यातही तेच, ठेवण्यातही तेच. मग करायचं काय? ती पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर टेकली. खालून पप्पांचा आवाज येत होता, कुणाला तरी खिळ्यांचे आकार समजावत होते. ती तो आवाज ऐकत राहिली.
मग विचारलं, “तुझ्या पप्पांना माहीत होतं?”
मी म्हटलं, “काय माहीत?” जसं काही समजलंच नाही.
तिनं पुन्हा विचारलं नाही. पण उठलीही नाही.