तिमिरसेन पळाला त्याचं कारण

१० जानेवारी
हिंजवडीहून अनिरुद्ध नावाचा मुलगा आला होता. जुन्या मराठी चित्रकथा जमवतो. आल्या आल्या ह्यांना वाकून नमस्कार! "काका, तिमिरसेन तुम्हीच काढलात ना?"

"काढला होता. वाट चुकला," हे म्हणाले. पण मनातून खूश. दुसरा चहा स्वतः मागितला.

चाळीस वर्षांपूर्वीचा ह्यांचा अंतराळवीर. एक हात पोलादी, तोही ऐन वेळी अडकणारा. खोटं बोलतो, इंधन चोरतो. आणि शेवटच्या अंकात जिवलग सोमाला परक्या ग्रहावर टाकून पळतो.

"तो एंड भारी आहे, काकू! काही कॉप्यांत तो सोमाला घेऊन जातो. त्या सगळ्यांकडे असतात. पळतो ती कॉपी रेअर! मी सहा वर्षं शोधतोय."

ह्यांचा चेहरा पडला. "तो उद्योग तात्याचा," एवढंच म्हणाले आणि आत गेले.

११ जानेवारी
दोन पोळ्या करपल्या. लक्ष नाही.

१२ जानेवारी
वहीला तरी खरं सांगते. तात्यारावांचं काही नव्हतं. माझं होतं.

मी एकोणीस वर्षांची. कसब्यात तात्यारावांच्या छापखान्यात कागदांना घड्या घालायला जायचे. शेवटचा अंक छापला त्या दिवशी हे बघायला आले. खिडकीशी उभे, बोटांना शाई. मी बघत राहिले आणि हात आपले चालू! अंकाचा मधला कागद उलटा दुमडला, आतली बाजू बाहेर. सकाळभर तसेच. पानांवर आकडेही नव्हते. ह्यांच्या गोष्टीत तिमिरसेन आधी पळतो, मग सोमाला न्यायला परत येतो. आता न्यायला आधीच येऊन बसला, आणि टाकून पळाला ते मागून! पुढे शब्दकोडं. गोष्ट संपली.

वाचकांची पत्रं आली. हा नायक की नालायक? ह्यांना वाटलं, खप वाढावा म्हणून तात्यारावांनी मुद्दाम पानं फिरवली. एका ताटात जेवणारे दोघं! हे जे तिथून निघाले, ते परत छापखान्याचा जिना चढले नाहीत. आमच्या लग्नालाही तात्यारावांना बोलावलं नाही. पुढे हातात ब्रशही नाही.

मी गप्प. आधी काम जाईल म्हणून, मग हे जातील म्हणून. मग सवयच झाली.

तिमिरसेन बरा. तो एकदाच पळाला.

१४ जानेवारी
संक्रांत. तिळगूळ देताना सांगायचंच, असं ठरवलं होतं. हे म्हणाले, "गोड बोला." मी म्हटलं, "हो." भित्री!

१७ जानेवारी
अनिरुद्ध पुन्हा आला. उद्या संग्राहकांचा मेळावा आहे, त्यात ह्यांचा सत्कार. त्या शेवटासाठीच! हे म्हणाले, "येतो की. माइकवरून सांगतो, तो शेवट माझा नव्हे. विश्वासघातकी मित्राचा. नावानिशी सांगतो."

चार माणसांत, तात्यारावांचं नाव!

तो गेल्यावर ह्यांच्यापुढे पोहे ठेवले आणि सांगून टाकलं. खिडकी, शाई, सगळं. ट्रंकेतला जुना अंक काढला, पिना सोडवल्या, मधला कागद दुमडून दाखवला. असा सरळ. असा उलटा. हे बराच वेळ तो कागद हातात फिरवत राहिले. पोहे गार झाले.

"माझ्याकडे बघत होतीस?"

"हो."

हसले नाहीत. चपला घातल्या आणि बाहेर पडले. कुठे निघालात, हे विचारायचा धीर झाला नाही. फार रडले.

१८ जानेवारी
काल हे कसब्यात गेले होते! दार तात्यारावांनीच उघडलं. नखशिखान्त बघितलं आणि म्हणाले, "काय श्रीनिवास, फार लवकर आलास?"

आज सत्काराला दोघं बरोबर जाणार. तात्यारावांनी ह्यांच्याजवळ माझ्यासाठी सांगून ठेवलंय: "शेवट ज्यांनी केला, त्यांनाही घेऊन ये."

रिक्षा आली. वही ठेवते.