ताम्हनातली चिचुंद्री

दांडिया बाजार, बडोदे
२२ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,

हेरंबाचा नमस्कार. आम्ही तिघेही ठीक आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. तुझा गुडघा कसा आहे?

आधी तक्रार. अण्णा गेल्यावर त्यांचं संध्येचं तांब्याचं ताम्हन तू मोठ्या नाखुशीने माझ्या हवाली केलंस, ते जप्त झालं आहे. जप्त करणारी व्यक्ती नऊ वर्षांची असून माझी मुलगी आहे. ताम्हनात सध्या एक मेलेली चिचुंद्री आहे. पाच दिवसांची. मी स्टीलच्या वाटीत संध्या उरकतो. देवांनी अजून काही म्हटलेलं नाही.

ओवीला शाळेतून काढून दीड वर्ष झालं. मोहना सकाळी स्कूटरवर प्रतापनगरला रेल्वेच्या ऑफिसात जाते, आणि सव्वीस वर्षं संस्कृत शिकवून मुदतीआधी घरी बसलेला मी घरची शाळा चालवतो. चालवतो म्हणजे तिच्या मागून चालतो. ओवी सकाळी स्वयंपाकघराच्या दाराशी टांगलेल्या पाटीवर त्या दिवसाचा प्रश्न लिहिते आणि अख्खा दिवस त्या प्रश्नामागे जातो. नियम एकच, तोही मीच मोठ्या तोऱ्यात घातलेला: प्रश्नाला खोटं उत्तर द्यायचं नाही. ठाऊक नसेल तर सरळ 'माहीत नाही' म्हणायचं.

सोमवारी गॅलरीत पाण्याच्या टाकीमागे चिचुंद्री सापडली. पाटीवर आलं, 'मेलेलं जातं कुठं?' मी घसा साफ करून आत्म्याविषयी चार शब्द बोलणार, तोवर ओवीबाईंनी चिचुंद्रीला ताम्हनात घालून वर भाजीची टोपली पालथी मारली होती. कावळे नकोत, माश्या चालतील, असं ठरलं.

मंगळवारी पोट फुगलं. बुधवारी माश्या. गुरुवारी डोळ्यांच्या जागी पांढरं काहीतरी वळवळायला लागलं, भाताची शितं जिवंत व्हावीत तसं, आणि मोहनाने नेमका त्याच दिवशी दहीभात केला होता. ओवी भिंग बाजूला ठेवून पोटभर जेवली. मी दुसऱ्या घासाला उठलो. खालून काळपट पाणी सुटलंय, ते अण्णांच्या ताम्हनाच्या कडेला चिकटून बसलंय, शेपूट तेवढी शाबूत आहे. बीभत्साचा स्थायीभाव जुगुप्सा, हे मी पिढ्यान्‌पिढ्या मुलांकडून घोकून घेतलं. स्वतः कधी अनुभवलं नव्हतं. ओवीने माझी किळससुद्धा वहीत नोंदवली, वेळेसकट.

वास म्हणे असह्य आहे. मोहना तोंडाला ओढणी बांधून पोळ्या लाटते. खालच्या मजल्यावरचा हार्दिकभाई जिन्यातूनच म्हणाला, "काका, कंईक मरी गयुं लागे छे." मी म्हटलं, मेलंय खरं काहीतरी, शाळा चालू आहे. त्यावर त्याने माझ्याकडे जसं पाहिलं, तसं तू मी संस्कृत घेतलं तेव्हा पाहिलं होतंस.

असो. गुरुवारी दुपारी पाटीवर नवा प्रश्न आला: 'कुणाला वास किती लांबून येतो?' डोळ्यांवर माझं उपरणं बांधायचं, ओवी गॅलरीकडून एकेक पाऊल पुढे येणार, वास आला की हात वर. सुट्टी घेऊन घरी असलेल्या मोहनाने नवव्या पावलाला हात वर केला आणि न्हाणीघराकडे धावली. मग मी. मी पावलं मोजली. मोहनापेक्षा दोन कमी धरून हात वर केला, नाक मुरडलं, ओकारीही काढून दाखवली. शाळेच्या नाटकांत मी वाईट काम करत नसे, तुला आठवत असेल.

उपरणं सुटलं. ओवीच्या हातात धुतलेली रिकामी वाटी होती.

"बाबा, तुझ्या वेळी ताम्हन मी आणलंच नव्हतं. तू खोटं का बोललास?"

मी म्हटलं, गंमत केली. तिने वहीत लिहिलं, 'बाबा: गंमत करतात. पुन्हा तपासणे.'

तिला रिकामी वाटी वापरायचं कुणी शिकवलं? मी नाही. मी तिला शब्द चालवायला शिकवले.

काल, शुक्रवारी, मोहना ऑफिसात होती. मी चहाचं आधण ठेवलं आणि जेवणाच्या टेबलाशी वाचत बसलो. आधण उतू जाऊन शेगडी विझली होती, हे मला नंतर कळलं. मी शेगडीपासून चार हातांवर बसलो होतो, ताई. ओवी गॅलरीतून आत आली, नाक दाबून गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या, दिव्याच्या बटणाला हात लावू नको म्हणाली. मग माझ्यासमोर येऊन बसली.

"आजचा प्रश्न मी पाटीवर लिहीत नाही. आई वाचेल. पण मला उत्तर हवंय."

तिने प्रश्न विचारला नाही. मीही 'कुठला' असं विचारलं नाही. तिच्या अंगाला ताम्हनातला वास येत असणार. मी तिला जवळ घेतलं आणि मला तो आला नाही.

दिवाळीपासून मला कसलाच वास येत नाही. हिंगाचा नाही, रॉकेलचा नाही, फोडणी करपल्याचा नाही. मोहनाला ठाऊक नाही. चिचुंद्रीची किळस खरी आहे, पण ती सगळी डोळ्यांची. घरात आणखी एका किळसवाण्या गोष्टीची भर पडली आहे, ती म्हणजे आपल्या मुलीपुढे ओकारीचं सोंग करणारा बाप.

अण्णांचं सगळं तूच केलंस, म्हणून तुलाच विचारतो. एकदा त्यांनी नासलेल्या दुधाचा चहा वास न कळून आवडीने प्यायला आणि आपण हसलो होतो. त्यानंतर किती वर्षांनी त्यांचे हात थरथरायला लागले? नीट आठवून लिही. मला बरं वाटावं म्हणून वाढवून लिहू नकोस. मी अजून डॉक्टरकडे गेलेलो नाही. सोमवारी जाईन, ओवीला घेऊन जाईन. तिला वगळलं तर ती चिचुंद्री सोडून माझ्यावर टोपली घालेल.

माझे हात अजून स्थिर आहेत. हे अक्षर पाहा आणि सांग.

मला भीती वाटते, ताई. अण्णांना झाला तोच कंपवात मला होतोय असं वाटतं, आणि तो माझ्याआधी ओवीला दिसेल.

पाकिटावर फक्त माझंच नाव घाल.

तुझा धाकटा,
हेरंब